रेंजली, कोलोरॅडो: खडक फुटण्याच्या आधीच सरकला

तेलसाठ्यात पाणी सोडण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलेला असतो: फ्रॅक्चर प्रेशर. त्याच्या वर दाब गेला तर खडकाला नवी भेग पडते, पाणी भलतीकडे पळतं, तेल मागे राहतं. म्हणून दाब त्याच्या खाली ठेवायचा, आणि तो खाली आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं मानायचं. परवानग्या, रोजचे अहवाल आणि पंपावरचे अलार्मसुद्धा बहुतेक ठिकाणी याच आकड्याभोवती बांधलेले असतात.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या रेंजली तेलक्षेत्राचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते याच कारणाने. तिथे नवी भेग पाडण्यासाठी लागणाऱ्या दाबाच्या बऱ्याच खाली, आधीपासून असलेला भ्रंश (खडकातली जुनी मोठी चीर, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात) सरकत होता आणि भूकंप होत होते. हे नुसतं लक्षात आलं एवढ्यावरच थांबलं नाही. ताण मोजला गेला, घर्षण मोजलं गेलं, कोणत्या दाबाला भ्रंश सरकेल याचा आकडा काढला गेला, आणि मग पाणी चालू-बंद करून तो आकडा तपासला गेला. इतकी स्वच्छ मांडणी असलेलं दुसरं क्षेत्रीय प्रकरण या विषयात शोधावं लागतं.

साठा आणि त्यात सोडलेलं पाणी

रेंजली हे राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, युटाच्या सीमेजवळ आहे. वेबर नावाच्या वालुकाश्मात इथलं तेल १९३३ मध्ये सापडलं, पण क्षेत्राचा खरा विकास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर झाला. साठा एका मोठ्या घुमटाकार वळीत, पावणेदोन ते दोन किलोमीटर खोलीवर आहे. वालुकाश्म जाड आहे, पण पार्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, अगदी कमी, एक मिलिडार्सीच्या (पार्यतेचं एकक) आसपास. अशा दगडातून द्रव पुढे सरकायला वेळ लागतो. त्यामुळे दाब जिथे वाढवला तिथेच बराच काळ साचून राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तीच निर्णायक ठरते.

साठ्याचा मूळ दाब सुमारे १७० बार होता (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या नेहमीच्या दाबाइतका). तेल काढता काढता तो उतरला, आणि १९५७ पासून क्षेत्राच्या कडेच्या विहिरींतून पाणी सोडायला सुरुवात झाली. उद्देश नेहमीचाच: दाब सावरायचा आणि तेल उत्पादक विहिरींकडे ढकलायचं. काही वर्षांत कडेच्या काही भागांत दाब मूळ पातळी ओलांडून शंभर बारने वर गेला. पार्यता कमी असलेल्या दगडात ठरलेलं पाणी मुरवायचं तर दाब चढवावाच लागतो, त्यात वावगं काही नव्हतं. नवी भेग पाडण्याइतका तो दाब नव्हता.

भूकंप कुणाच्या नजरेस पडले

१९६२ मध्ये युटातल्या व्हर्नलजवळ युंटा बेसिन वेधशाळा सुरू झाली. भूमिगत अणुचाचण्या टिपण्याच्या कार्यक्रमातली ती एक वेधशाळा होती, त्यामुळे तिची उपकरणं फार संवेदनशील होती. रेंजली तिथून साधारण ६५ किलोमीटरवर. उपकरणं सुरू झाली त्याच वर्षापासून त्या दिशेने छोटे छोटे धक्के नोंदले जाऊ लागले, आणि १९७० पर्यंत त्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. बहुतेक धक्के माणसाला जाणवणार नाहीत इतके लहान, काही मात्र गावात जाणवलेले. वेधशाळेच्या आधी तिथे किती धक्के होत होते ते सांगणारी इतकी चांगली नोंदच नव्हती. म्हणजे पाणी सोडण्याआधीचं आणि नंतरचं असं चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहायची सोय नव्हती. कुणी म्हटलं असतं की ‘इथे हे पूर्वीपासून होतंच असेल’, तर ते खोडून काढणं अवघड होतं.

त्याच सुमारास राज्याच्या दुसऱ्या टोकाला डेन्व्हरचं प्रकरण गाजत होतं. तिथल्या रॉकी माउंटन आर्सेनल या लष्करी रसायन कारखान्याचं सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत मार्च १९६२ पासून सोडलं जात होतं, आणि एप्रिलपासून भूकंप सुरू झाले. डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने १९६५ मध्ये पाण्याचं प्रमाण आणि धक्क्यांची संख्या यांचा मेळ जाहीरपणे दाखवला. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली, तरीही सगळ्यात मोठा धक्का ऑगस्ट १९६७ मध्ये बसला. संबंध आहे हे दिसत होतं, पण नियंत्रण कुणाच्याच हातात नव्हतं. पाणी तर आधीच आत गेलेलं. विहीर एकच, खालचा भेगाळलेला पायाभूत खडक जवळजवळ अज्ञात, आणि दाब भ्रंशाजवळ नेमका किती हे सांगायची सोय नाही.

रेंजलीत मात्र सगळं हाताशी होतं: शेकडो विहिरी, वर्षानुवर्षांच्या दाबाच्या नोंदी, खडकाचे गाभे (विहिरीतून कापून काढलेले दंडगोल नमुने), भूमिगत नकाशे. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या बॅरी राले, जॉन हीली आणि जॉन ब्रेडेहोफ्ट यांनी प्रयोगासाठी हे क्षेत्र निवडलं, आणि शेव्हरॉन कंपनीने आपल्या काही विहिरी त्यांना वापरू दिल्या.

आधी सिद्धांत

१९५९ मध्ये किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी एक गोष्ट ठामपणे मांडली होती. भ्रंशाचे दोन काठ एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून घर्षणाने ते जागच्या जागी राहतात. पण खडकाच्या छिद्रांतलं आणि फटींतलं पाणी आतून उलट रेटत असतं, त्यामुळे काठांना धरून ठेवणारा दाब तेवढ्याने कमी भरतो. सूत्रात सांगायचं तर भ्रंशाची धारणशक्ती म्हणजे घर्षणगुणांक गुणिले (लंब ताण वजा पाण्याचा दाब). भ्रंशाच्या बाजूने ओढणारा ताण या धारणशक्तीच्या वर गेला की भ्रंश सरकतो.

इथे पाण्याने काहीही ‘फोडायची’ गरज नाही. ओढणारा ताण पृथ्वीने आधीच लावून ठेवलेला आहे. पाणी फक्त पकड सैल करतं. नव्या भेगेसाठी पाण्याला खडक अक्षरशः उघडावा लागतो, म्हणजे सर्वात कमी असलेल्या ताणाला पूर्णपणे मागे सारावं लागतं. भ्रंश सरकायला तेवढं लागत नाही. या दोन घटनांना एकच आकडा लावणं हीच माझ्या मते मूळ गफलत आहे, आणि ती आजही होते.

धक्के नेमके कुठे

१९६९ च्या शरद ऋतूत क्षेत्रावर चौदा भूकंपमापकांचं जाळं बसलं. दूरच्या एका वेधशाळेवरून फक्त ‘रेंजलीच्या बाजूला’ एवढंच कळत होतं. आता प्रत्येक धक्क्याची जागा आणि खोली काढता येऊ लागली. पहिल्या वर्षभरात हजाराच्या वर धक्के नोंदले गेले, त्यांतले ३६७ प्रायोगिक विहिरींच्या तळापासून एका किलोमीटरच्या आत.

हे बिंदू नकाशावर मांडले तेव्हा ते विखुरलेले नव्हते. ईशान्य-नैऋत्य दिशेच्या एका पट्ट्यात ते ओळीने बसले, आणि साठ्याच्या भूमिगत नकाशात तिथे एक भ्रंश आधीच काढलेला होता. धक्क्यांचे दोन गट पडत होते. एक साठ्याच्याच पातळीला, आणि दुसरा नैऋत्येकडे, त्याहून एखाद किलोमीटर खाली. लाटांच्या पहिल्या हालचालींवरून सरकण्याची दिशाही कळली: काठ मुख्यतः आडवे, एकमेकांच्या शेजारून सरकत होते. भ्रंशाची दिशा आणि सरकण्याची दिशा या दोन गोष्टी इतक्या नेमक्या हाती आल्या नसत्या तर पुढचं गणित मांडताच आलं नसतं.

ताणाची मोजणी

प्रकरणाचा गाभा इथे आहे. जमिनीखालचा ताण मोजायला बेझालेल हेमसन यांनी खडक फोडण्याचीच रीत वापरली, पण ताब्यात ठेवून.

विहिरीचा एक छोटा तुकडा निवडायचा, जिथे भिंत गुळगुळीत आणि आधीच्या भेगांपासून मोकळी आहे. त्याच्या वर आणि खाली रबरी पॅकर फुगवून तो तुकडा बंदिस्त करायचा. मग त्यात पंपाने पाणी भरत दाब चढवायचा. कागदावरची रेषा सरळ वर चढत जाते आणि एका क्षणी तुटते: हा ब्रेकडाउन, भिंतीला भेग पडली. पंप थांबवला की दाब झटकन उतरतो आणि एका पातळीवर रेंगाळतो. या पातळीला शट-इन प्रेशर म्हणतात. भेग नुकतीच मिटायच्या बेतात आहे, म्हणजे तिला मिटवू पाहणारा ताण आणि पाण्याचा दाब जवळजवळ बरोबरीला आले आहेत. म्हणून हा आकडा म्हणजे किमान ताण. पुढे भिंतीवर छाप उमटवणारा पॅकर खाली सोडून भेगेची दिशा टिपायची. भेग नेहमी किमान ताणाला काटकोनात उघडते, त्यामुळे तिच्या दिशेवरून कमाल ताणाची दिशा कळते.

रेंजलीत आकडे आले ते असे: किमान आडवा ताण ३१४ बार, उभा ताण ४२७ बार, कमाल आडवा ताण ५९० बार. कमाल आणि किमान दोन्ही आडवे आणि उभा ताण मधला. अशा मांडणीत भ्रंश आडवाच सरकायला हवा, आणि भूकंपांच्या लाटाही तेच सांगत होत्या. दोन स्वतंत्र मोजण्या एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा विश्वास बसतो. कमाल ताणाचा आकडा थेट मोजलेला नसतो, ब्रेकडाउन प्रेशर आणि काही गृहीतकांवरून काढलेला असतो. म्हणून तो तिन्हींमध्ये सर्वात डळमळीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अहवालांत तिन्ही आकडे सारख्याच खात्रीने छापले जातात.

घर्षणाचं काम जेम्स बायर्ली यांनी प्रयोगशाळेत केलं. वेबर वालुकाश्माच्या नमुन्यांवर मोजलेला घर्षणगुणांक ०.८१ आला. म्हणजे पाण्याचा दाब १० बारने वाढला की भ्रंशाची धारणशक्ती जवळजवळ ८ बारने घटणार.

तिन्ही ताण भ्रंशाच्या प्रतलावर आणि सरकण्याच्या दिशेत उतरवून, ०.८१ वापरून हिशेब केला तेव्हा उत्तर आलं २५७ बार. भ्रंशातल्या पाण्याचा दाब या पातळीच्या वर गेला की भ्रंश सरकेल, खाली असेल तर थांबेल. आणि नवी भेग उघडायला निदान ३१४ बार लागणार होते. दोहोंत ५७ बारचं अंतर.

चालू आणि बंद

पहिल्या वर्षी पाणी नेहमीसारखं चालू होतं. भ्रंशाजवळच्या विहिरींत दाब २७५ बारच्या आसपास पोचलेला, आणि विहिरींच्या तळापासून किलोमीटरभराच्या आत महिन्याला सरासरी २८ धक्के.

नोव्हेंबर १९७० मध्ये चार प्रायोगिक विहिरींत पाणी सोडणं थांबवलं, आणि उलट त्यांच्यातून पाणी बाहेर काढायला सुरुवात केली. दाब उतरला. विहिरींजवळचे धक्के महिन्याला जेमतेम एकावर आले. भ्रंशावर पुढे, नैऋत्येकडे, तितक्या लगेच शांतता झाली नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं, कारण तिथला दाबही तितक्या लगेच उतरणार नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तर ‘योगायोग असेल’ म्हणायला जागा राहिली असती. म्हणून दुसरी फेरी. ताणाची मोजणी आणि २५७ चा आकडा आता हातात होता, म्हणजे अंदाज आधी आणि परीक्षा नंतर. १९७२ च्या शेवटाकडे दाब पुन्हा चढवायला घेतला. तो ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर जाऊन टिकला आणि १९७३ च्या सुरुवातीला धक्के परत आले. मेमध्ये पाणी बंद करून उपसा सुरू केला. विहिरींजवळचे धक्के पुन्हा थांबले, आणि तेही झपाट्याने.

दाबाचा आकडा भ्रंशावर थेट मोजलेला नव्हता, हे इथे सांगायला हवं. निरीक्षण विहिरींतले दाब प्रत्यक्ष नोंदलेले होते, आणि मधल्या जागेतला दाब ब्रेडेहोफ्ट यांच्या संगणकीय प्रतिमानातून काढला होता. ते प्रतिमान जुन्या नोंदींशी जुळवून घेतलेलं होतं. पण प्रतिमान ते प्रतिमानच. निष्कर्ष १९७६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

विहिरीच्या तोंडाशी काय दिसतं

आता हेच प्रकरण पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहू. विहीर १,८३० मीटर खोल धरली तर गोड्या पाण्याच्या नुसत्या स्तंभाचा दाब सुमारे १८० बार होतो. म्हणजे तळाशी २५७ बार पोचवायला वरच्या गेजवर ८० बारसुद्धा लागत नाहीत. नवी भेग उघडायला गेजवर १३४ बार लागतील. नळीतलं घर्षण यात धरलेलं नाही, ते वेगळं. ऑपरेटरला दिलेली मर्यादा समजा १२० असेल आणि तो इमानदारीने ११० वर चालवत असेल, तर त्याच्या दृष्टीने सगळं नियमात आहे. फ्रॅक्चर प्रेशर ओलांडलेलं नाही, इंजेक्शनचा दर आणि दाब यांचं नातं सरळ रेषेत आहे, स्टेप-रेट चाचणीत वळण दिसत नाही. आणि तरी शेजारचा भ्रंश सरकतो आहे.

स्टेप-रेट चाचणी ही उत्तम चाचणी आहे. दर पायरी-पायरीने वाढवत गेलं की भेग उघडण्याच्या जागी रेषा वाकते, आणि फ्रॅक्चर प्रेशर मिळतं. पण ती विहिरीच्या भिंतीबद्दल सांगते. तीनशे मीटरवरच्या भ्रंशाबद्दल तिला काही विचारलेलंच नसतं. त्यासाठी तीन वेगळ्या गोष्टी लागतात: भ्रंश कोणत्या दिशेला आहे, ताण कोणत्या दिशेला किती आहेत, आणि दाब तिथवर किती पोचला आहे. पहिली गोष्ट भूकंपीय सर्वेक्षणात बहुधा असते. दुसरी फारच थोड्या क्षेत्रांत नीट मोजलेली असते. तिसरी प्रतिमानातूनच येते, आणि ते प्रतिमान सहसा तेल किती निघेल यासाठी जुळवलेलं असतं, भ्रंशाजवळच्या दाबासाठी नाही.

दोन्ही आकडे कालांतराने बदलतात हेही विसरून चालत नाही. तेल काढल्यामुळे साठ्यातला दाब उतरतो तेव्हा आडवे ताणही उतरतात. थंड पाणी सोडत राहिलं की विहिरीभोवतीचा गरम खडक आकसतो, किमान ताण घटतो, आणि पूर्वी बंद राहिलेली भेग कमी दाबाला उघडते. काही क्षेत्रांत अशी भेग मुद्दाम चालवून घेतात, कारण तिच्यामुळे पाणी जास्त मुरतं. त्याला माझा विरोध नाही. पण दहा वर्षांपूर्वी मोजलेलं फ्रॅक्चर प्रेशर आजही तेच आहे असं धरून चालणं धोक्याचं आहे.

निष्कर्ष कुठवर ताणावा

रेंजलीच्या यशाने त्या काळात मोठ्या आशा जागवल्या. पाण्याचा दाब हाताळून कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियाससारखा मोठा भ्रंश थोडा थोडा, ठरवून सरकवता येईल अशी चर्चा झाली. ते कधी करून पाहिलं गेलं नाही, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा ४ तीव्रतेच्या हजारएक भूकंपांत वाटावी लागेल. शिवाय एखादा भूकंप लहानच राहील याची हमी कोण देणार? रेंजलीत दाब वाढवलेला पट्टा छोटा होता आणि खडक कमी पार्यतेचा. त्यामुळे वाढलेला दाब विहिरींच्या आसपासच राहिला होता, आणि त्याच विहिरींतून उपसा केला की तिथला दाब लवकर उतरत होता. डेन्व्हरला तसं नव्हतं. तिथे विहीर बंद झाल्यावरही दाबाची लाट भेगांतून बाहेर पसरत राहिली आणि दूरच्या जागी नंतर पोचली. दाब पसरण्याचं अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट अंतर गाठायला चौपट वेळ लागतो, पण पोचतो तो.

म्हणूनच ‘पाणी बंद केलं की भूकंप थांबतात’ हा रेंजलीतून काढला जाणारा सोपा धडा मला पटत नाही. तिथे नुसतं बंद केलं नव्हतं, बाहेर काढलं होतं. आणि प्रयोगकर्त्यांनी लिहिलं होतं तेही अटीसह: भ्रंशातला दाब जिथे ताब्यात ठेवता येतो, तिथे भूकंप ताब्यात ठेवता येतात.

त्या अटीचा कस पुढे ओक्लाहोमात लागला. तिथे तेलाबरोबर येणारं खारं पाणी अर्बकल नावाच्या खोल थरात शेकडो विहिरींतून सोडलं जात होतं, बहुतेक ठिकाणी विहिरीच्या तोंडाशी अगदी कमी दाब देऊन. काही विहिरींत तर पाणी स्वतःच्या वजनाने उतरत होतं. फ्रॅक्चर प्रेशरचा प्रश्नच नव्हता. पण थर खूप पारगम्य, खालच्या पायाभूत खडकाशी जोडलेला, आणि विहिरी कितीतरी मालकांच्या. एका विहिरीचा दाब ताब्यात असला तरी सगळ्यांनी मिळून वाढवलेल्या दाबाचा हिशेब कुणा एकाकडे नव्हता. २०१६ मध्ये राज्याच्या नियामकाने मोठ्या भागात पाण्याचं प्रमाण कमी करायला लावलं. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, राज्याच्या नोंदीतला सर्वात मोठा. धक्क्यांची संख्या त्यानंतर वर्षागणिक उतरत गेली.

रेंजलीत पाणी सोडणं पुढेही चालू राहिलं, १९८६ पासून त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडही आला. प्रयोगापुरत्या घेतलेल्या चार विहिरी सोडल्या तर बाकीचं क्षेत्र प्रयोगाच्या काळातही नेहमीसारखंच चाललं होतं.